बिसेन मॅडमचं रजिस्टर

बिसेन मॅडमनी कोणाला 'असू दे, होतं असं' म्हटल्याचं मी नऊ वर्षांत एकदाही ऐकलं नाही. चूक केलेला माणूस समोर उभा राहिला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. चष्मा काढून त्या पदरानं सावकाश पुसायच्या, परत डोळ्यांवर चढवायच्या आणि म्हणायच्या, "सांग. पहिल्यापासून सांग. घाई नाही." त्यांना खरोखरच घाई नसायची. समोरच्याची जीभ कोरडी पडेपर्यंत, विचारलं नाही तेसुद्धा तो कबूल करेपर्यंत त्या निवांत बसून राहायच्या.

गोंदियात रेल्वे लाइनीजवळ, पंप-मोटारींच्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. सॉफ्टवेअर बनवायचं ऑफिस, पण खाली पाटी नव्हती. "पाटी लावली का लोक नोकरी मागाले येतात," असं त्यांचं म्हणणं. आम्ही सहा जण होतो. शाळांचे निकाल, दवाखान्यांची नोंदणी, संस्थांचे सभासद, असली कामं करायचो. मॅडम बुटक्या, हडकुळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलायच्या, घरून फोन आला की पोवारीत, आणि आम्हाला सोलून काढायचं असलं की मराठीत. नागपूरची मोठी नोकरी सोडून त्या परत का आल्या हे कोणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. दिवसभर पुडीतले फुटाणे खायच्या. आमचा कोड वाचताना फुटाणे चावल्याचा कुडकुड आवाज यायचा. तो थांबला की आमचं टायपिंगही थांबायचं, कारण त्या ओळीत त्यांना काहीतरी सापडलेलं असायचं.

पहिल्या आठवड्यात मला कॉम्प्युटर मिळाला नाही. मिळाली ती छापलेली चाळीस पानं आणि एक पेन्सिल. दुसऱ्या कोणाचा तरी कोड होता. "वाच," म्हणाल्या. "ही ओळ काय करते ते सांगू नको, ते मले दिसते. काऊन करते ते सांग." मी चार दिवस वाचत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी मला एक लहानसं काम दिलं आणि संध्याकाळी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. कुडकुड थांबली.

"हे 'टेम्प दोन' काय आहे?"

"मॅडम, ते तात्पुरतं आहे."

"तात्पुरता तं तूही आहेस इथं. म्हणून तुले नाव ठेवलं नाही का तुझ्या बापानं?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून करणार काय? पण त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही गोष्टीला अर्थ नसलेलं नाव दिलेलं नाही. वर्षानं तोच कोड उघडला तर प्रत्येक नाव वाचून कळतं की आत काय ठेवलंय. त्यांच्याकडून शिकलेली प्रत्येक गोष्ट अशीच शिकलो, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर कोणाचं तरी हसणं अजून कानात आहे.

आता रजिस्टरबद्दल सांगायला हवं. शाळेत हजेरीला असतं तसं लाल कापडी पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर मॅडमच्या टेबलावर असायचं. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती त्यात स्वतःच्या अक्षरात लिहायची. वर पूर्ण नाव आणि गाव. मग काय घडलं, कसं सापडलं, आणि शेवटी पुन्हा असं होऊ नये म्हणून एक नियम. त्या नियमाला त्या माणसाचं नाव पडायचं. मग पाण्याच्या फिल्टरजवळ उभं राहून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की उरलेल्या प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा. विचारणं सक्तीचं होतं. मऊ प्रश्न विचारला तर मॅडम तोच प्रश्न स्वतः, जास्त धार लावून विचारायच्या, आणि मऊ विचारणाऱ्याकडे अशा बघायच्या की पुढच्या शनिवारी तो आपोआप कडक व्हायचा. वर्षभरात आम्ही सगळे चांगले कडक झालो.

माझी नोंद चौदाव्या पानावर आहे. एका शाळेच्या यादीतून नाव कमी केलेला एक मुलगा काढायचा होता. मी डिलीटची आज्ञा दिली आणि कोणता मुलगा ते सांगायचं विसरलो. सगळी शाळा गेली. जुनी प्रत होती म्हणून वाचलो. 'टेंभरेचा नियम: काहीही पुसण्याआधी त्याच अटीवर नुसतं शोधून बघावं, किती ओळी येतात ते मोजावं, आणि मगच पुसावं.' नियम सोन्यासारखा आहे, आजही मी तो पाळतो. पण कटरेनं विचारलं, "अट लिवाची विसरला तेव्हा कायचा विचार करून राहिला होता?" मी खरं ते बोललो. दुसऱ्या दिवशी तिरोड्याला मुलगी पाहायला जायचं होतं, त्याचा विचार करत होतो. मॅडमनी तेही लिहायला लावलं. 'मुलगी पाहायला जाण्याचा विचार करीत असताना' ही अक्षरं त्या पानावर अजून आहेत. ते लग्न जुळलं नाही, पण त्याची नोंद करा असं कोणी म्हटलं नाही.

कटरेच्या नावावर 'फोन नंबर हा नंबर नव्हे, अक्षरं समजून साठवावा, नाहीतर पुढचं शून्य उडतं' हा नियम आहे. पटलेनं चालू सर्व्हरवर, म्हणजे गिऱ्हाईक ज्यावर त्या क्षणी काम करत होतं त्याच यंत्रावर, परस्पर एक ओळ बदलली आणि दवाखान्याची नोंदणी दोन तास बंद पाडली. 'पटलेचा नियम: चालू सर्व्हरवर हातानं काहीही बदलू नये. आधी आपल्याकडं बदलावं, दुसऱ्यानं तपासावं, मग वर चढवावं.' त्या दिवसापासून सर्व्हरचा पासवर्ड मॅडमनी आमच्याकडून काढून घेतला. तो एकट्या त्यांच्याकडे राहिला.

स्वतः मॅडमच्या नावावर एकही नोंद नव्हती. एकदा नवीन असताना मी भाबडेपणानं विचारलं होतं, "मॅडम, तुमचा नियम कोणता?" त्या म्हणाल्या, "माझा नियम हे रजिस्टर."

दुष्ट होत्या, पण खोट्या नव्हत्या, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. नवेगाव बांधला मासेमारांच्या एका संस्थेसाठी मी टॅबवर भरायचा फॉर्म बनवला होता. जाळ्यातून आलेला मासा कोणता आणि किती वजनाचा, एवढंच बोटानं दाबायचं. तक्रार आली की नोंदी चुकतात. मी म्हटलं, भरणाऱ्या बाया निष्काळजी आहेत. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मला घेऊन नवेगावला गेल्या. तलावाच्या काठावर मासे वजन करायचं काम चालू होतं. मॅडमनी एका बाईकडून बादली मागून घेतली, माझे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या चिकट पाण्यात बुडवले आणि टॅब पुढं केला. "भर आता. पन्नास नोंदी." ओल्या बोटाला टॅब दादच देईना. रोहू दाबलं की कतला लागायचा, कतला दाबलं की काहीच लागायचं नाही. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकजण म्हणाली, "पाह्य गा, साहेबाले बी नाही जमून राहिलं!" मॅडम हसल्या नाहीत. पन्नास म्हणजे पन्नास नोंदी करून घेतल्या. हात धुवायला साबण मागितला तर म्हणाल्या, "घरी गेल्यावर." परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही टॅब काढून मोठ्या बटणांचा कीबोर्ड दिला आणि नोंदी चुकायच्या थांबल्या. त्या दिवशी मला त्यांचा संताप आला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्यात मेश्राम म्हणून एकजण होता. देवरीकडचा, तिशीचा, नुकतं लग्न झालेला, गोंदियात खोली करून राहणारा. कमी बोलायचा. त्याचा कोड वाचताना फुटाण्यांचा आवाज एकदाही थांबायचा नाही. दीड वर्षात रजिस्टरात त्याचं नाव आलं नव्हतं. दुसऱ्या कोणी याचं कौतुक केलं असतं. मॅडमना ते सलत होतं. त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्या म्हणायच्या, "चूकच होत नाही म्हणतोस? एक तं काम करत नसशील, नाई तं लपवत असशील." मेश्राम मान खाली घालून म्हणायचा, "लपवत नाही जी, तपासून राहिलो." ते ऐकून त्या आणखी चिडायच्या.

त्या वर्षी आम्हाला एका तलावाच्या पाणीवाटपाचं काम मिळालं. तलावाचं नाव सांगत नाही. उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी पाळीनं सोडतात. आज या गावाची पाळी, परवा त्या गावाची. ज्याची पाळी असेल त्यानं त्या दिवशी आपल्या बांधीचं, म्हणजे धानाच्या वाफ्याचं, तोंड उघडून तिथं हजर राहायचं, नाहीतर पाणी पुढं निघून जातं. ही पाळीची तारीख प्रत्येकाच्या मोबाइलवर संदेशानं पाठवायची होती. काम मेश्रामचं होतं. त्यानं ते पूर्ण करून दिलं आणि मुलीच्या बारशासाठी आठ दिवस देवरीला गेला.

तो तिकडे असताना संदेश सुरू झाले. आणि आठवड्याच्या आत ऑफिसच्या जिन्यावर चपलांचा आवाज आला.

आठ-दहा माणसं होती. पुढं एक म्हातारी. तिनं आपला मोबाइल मॅडमच्या टेबलावर आपटला. "वाच वो बाई. काय लिवलं हाये? पाळी आमची कव्हा सांगतली तू?" संदेशात तीन एप्रिल होतं. पाळी चार मार्चला होती आणि ती होऊन गेली होती. पाणी कालव्यातून तिच्या बांधीच्या कडेनं पुढं गेलं आणि ती घरी बसून एप्रिलची वाट पाहत होती. तिच्यासारखेच बाकीचे. पोटरीत आलेलं धान डोळ्यांसमोर करपत होतं, बांधीला भेगा पडल्या होत्या. यंत्रानं दिवस आणि महिना उलटा वाचला होता. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या पाळ्या अशा उलट्या झाल्या होत्या. तेरापासून पुढं तेरावा महिना नसतो, म्हणून तिथं यंत्राला चुकता आलं नाही आणि सगळं बरोबर गेलं. तपासणाऱ्यानं बावीस तारीख टाकून तपासलं होतं.

मॅडमनी मोबाइल पाहिला. चष्मा पुसला नाही. म्हणाल्या, "आमच्या एका पोराकडून चूक झाली. मेश्राम नाव आहे त्याचं. देवरीचा आहे."

म्हातारीनं ते नाव दोनदा म्हणून पाठ केलं आणि मंडळी जिना उतरून गेली.

मेश्राम परत आला तेव्हा त्याच्या डब्यात बारशाचे पेढे होते. शनिवारी त्याला फिल्टरजवळ उभं केलं. तो म्हणाला, "मॅडम, म्या वर्ष पहिले ठेवलं होतं, मंग महिना, मंग दिवस. माझ्या फाइलीत आत्ता पण तसंच आहे. सर्व्हरवरची फाइल एकडाव पाहू द्या."

"सर्व्हरवर तुझाच कोड चालून राहिला. वर नाव कोणाचं आहे?"

"माझं आहे."

"मग लिही."

सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मेश्राम आठ दिवस गोंदियात नव्हता हेही माहीत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. मेश्रामनं लिहिलं. त्याचं अक्षर फार सुंदर होतं. 'मेश्रामचा नियम: तारीख साठवताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. रूप बदलायचं ते फक्त दाखवताना. आणि तपासायचं ते नेहमी बारा तारखेच्या आतला दिवस टाकून.' याहून चांगला नियम त्या रजिस्टरात नाही. त्यानं तो सरळ उभं राहून वाचला. मग प्रश्न सुरू झाले. माझी वेळ आली. मी विचारलं, "बारशाले जायच्या आधी काऊन नाही तपासलं?"

"चांगला प्रश्न," मॅडम म्हणाल्या.

नऊ वर्षांत त्यांनी माझं केलेलं कौतुक एवढंच. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना माझी मला शिसारी येते, पण बरं वाटलं होतं.

महिना संपला तसा मेश्राम काम सोडून गेला. मॅडमनी त्याला काढलं नाही, आणि थांबवलंही नाही.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला फार हौस होती. सगळं रजिस्टर टाइप करून त्याची एक फाइल बनवली. नव्या पोरांना उपयोगी पडेल असे सव्वाशे नियम, सोप्या मराठीत, खऱ्या चुकांसह. मॅडमची परवानगी होती, अट एकच, काही गाळायचं नाही. नाव, गाव, सगळं जसंच्या तसं. फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरली. गोंदियातल्या क्लासवाल्यांनी घेतली, भंडाऱ्याला गेली, नागपुरात नव्या पोरांना पहिल्या दिवशी वाचायला देऊ लागले. तारखेची चूक सगळ्यांच्याच हातून होते, म्हणून सर्वांत जास्त गाजला तो मेश्रामचा नियम. कोणाचीही तारीख उलटी झाली की पोरं म्हणायची, "मेश्राम झाला."

वर्षभरानं मेश्राम ऑफिसात आला. हडकला होता. बसला नाही.

"मॅडम, नागपुरात तीन ठिकाणी मुलाखत दिली. तिन्ही ठिकाणी तेच इचारलं. देवरीचे मेश्राम तुम्हीच का? हसतात जी, आन् मंग म्हणतात, कळवतो."

"मग काय पाहिजे?"

"नियम राहू द्या. नाव काढा."

"नाव काढलं का नियम कोणाच्या लक्षात राहत नाही. टेंभरेचं आहे, कटरेचं आहे. ते रडत नाही आले."

मेश्राम मग म्हणाला, "टेंभरेचा नियम म्हणतात तं लोक हासून सोडून देतात. मेश्राम म्हटलं का मान हालवतात, जसं का त्यायले पहिलेच माहीत होतं. तुमाले हा फरक समजते मॅडम. समजत नाही असं नाही."

मॅडमना समजत होतं. आमच्याकडे आडनाव ऐकलं की जात कोणी विचारत नाही, कारण उत्तर मिळालेलं असतं. त्यांनी पुडीतून फुटाणे घेतले आणि स्क्रीनकडे वळल्या. मेश्राम माझ्याकडे आला. "फाइल तं तुझ्याजवळ आहे ना, टेंभरे. एक नाव पुसाले किती वेळ लागते?"

"मॅडमले विचारून सांगतो," मी म्हटलं.

विचारलं नाही. तो खाली उतरला तेव्हा मी खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही.

आणखी दोन वर्षं गेली. जुना सर्व्हर बंद करून नवा घ्यायचा होता आणि मॅडमच्या डोळ्यांना त्रास सुरू झाल्यामुळे ते काम त्यांनी मला दिलं. पासवर्ड पहिल्यांदा माझ्या हातात आला. कोणत्या खात्यातून कोणी कधी कोणती फाइल बदलली याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. मी गरज नसताना ती उघडली. मेश्राम बारशाला गेला होता त्या दिवशी, ऑफिस सुटायच्या वेळी, मॅडमच्या खात्यातून त्याची फाइल उघडली गेली होती. तारीख लोक बोलतात तशी, दिवस आधी, दिसावी म्हणून एक ओळ बदलली होती. थेट चालू सर्व्हरवर. दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं, बावीस तारीख टाकून पाहिली होती तीही त्यांनीच.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी जवळ येऊन वाचलं.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कव्हापासून?"

"ते लोक जिना चढून राहिले होते तव्हापासून."

मला वाटलं होतं त्या चिडतील, नाकारतील, माझ्यावर उलटतील. त्या खुर्चीत बसल्या आणि हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "माझं नाव आलं असतं तं रजिस्टर कोणी मानलं असतं? सांग. तू उभा राह्यला असतास का मग फिल्टरजवळ?"

मी म्हटलं, "तुम्ही उभ्या राह्यल्या असत्या तं आम्ही आयुष्यभर उभे राह्यलो असतो, मॅडम." इतकं उलट मी त्यांना कधी बोललो नव्हतो.

त्या शनिवारी वाचन झालं नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी मेश्रामच्या नोंदीखाली स्वतःची नोंद लिहिली, पूर्ण नाव आणि गाव घालून. तोच मजकूर एका कोऱ्या कागदावर हातानं उतरवला, खाली सही केली. मला फाइल दुरुस्त करायला लावली. मी केली. पण जुनी फाइल हजार मोबाइलांत पडलेली होती, ती कशी परत बोलावणार? मग म्हणाल्या, "देवरीले चल."

त्यांना पश्चात्ताप झाला असं कटरे म्हणतो. मला तसं वाटत नाही. रजिस्टरात एक खोटी नोंद होती आणि ती त्यांना सहन होत नव्हती, इतकंच. माणसाचा नंबर त्यांच्या लेखी त्यानंतर होता. माझं मत अन्यायाचं असेल. देवरीच्या त्या दिवसानंतर मी त्या ऑफिसात पाय ठेवला नाही, त्यामुळे विचारायची संधी राहिली नाही. मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या देवरीत.

हायवेला लागून मेश्रामचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचे अर्ज, सगळं ऑनलाइन भरून मिळतं. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दहा-बारा माणसं. मेश्रामनं आम्हाला पाहिलं, या म्हटलं नाही. एक खुर्ची रिकामी झाली तशा मॅडम बसल्या. मी दारात उभा राहिलो. माझ्याकडे त्यानं त्या दिवशी एकदाही पाहिलं नाही. पाऊण तासानं मॅडमची पाळी आली.

"बोला, कोणतं काम आहे?" त्यानं सगळ्यांना विचारतो तसं विचारलं.

मॅडमनी पर्समधून कागद काढला, चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. पूर्ण नाव, गाव. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"वाचू नका जी, गर्दी आहे," मेश्राम म्हणाला. "द्या इकडं."

त्यानं कागद घेतला आणि वाचला. सगळा वाचला, मग वरपासून पुन्हा वाचला. दुकानात पंखा फिरत होता. कॉम्प्युटरच्या पलीकडे एक धोतरवाला म्हातारा आपल्या अर्जाची वाट पाहत उभा होता.

"चांगलं लिवलं तुमी," मेश्राम म्हणाला. "पण हे आता कोणाले दाखवू, मॅडम? या बाबाले?"

"मी नागपूरले फोन करते. ज्यायनं नाही म्हटलं त्यायले सांगते."

"तीन वर्षं झाले. ते फाइल वाचलेले पोरं आता त्यायच्या जागेवर साहेब झाले." तो हे रागानं बोलला नाही, आणि म्हणून ऐकवत नव्हतं. "मी आता कोड लिवत नाही जी. अर्ज भरतो."

मेश्राम म्हाताऱ्याकडे वळला. "बाबा, पहिले कच्ची प्रत काढून देतो. नाव-गाव पाहून घ्या, मंग पक्कं भरू." कच्च्या प्रतीसाठी पाठकोऱ्या कागदांची चळत प्रिंटरशेजारी होती. त्यानं तिला हात लावला नाही. मॅडमचा कागद उलटा केला, कोरी बाजू पाहिली, प्रिंटरमध्ये सरकवला आणि बटण दाबलं.

कागद दुसऱ्या बाजूनं छापून बाहेर आला. म्हाताऱ्यानं तो हातभर लांब धरून आपलं नाव वाचलं, मग पालटून पाहिला. "नाव बरोबर हाये गा. पण या मागं काय लिवलं हाये?"

"मागचं काई कामाचं नाही, बाबा. समोरचं पाहा."

म्हाताऱ्यानं कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो बंडीच्या खिशात घातला. मॅडम अजून खुर्चीतच होत्या, त्या खिशाकडे बघत. मेश्रामनं मागच्या रांगेतल्या एका बाईला हाक मारली.

"या माय, बसा. ह्या उठून राहिल्या."

आणि मॅडम उठल्या.